दारावरच्या रात्रीची मजुरी

बाउन्सरला एका रात्रीचे किती मिळतात? छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न कोणालाही विचारा, आकडा लगेच मिळतो. तो बहुधा खराही असतो, पण त्यातून मजुरी कळत नाही. तो आकडा अख्ख्या रात्रीचा असतो. ती रात्र किती तासांची होती, खर्च वजा जाता त्यातले घरी किती पोचले आणि कार्यक्रम करणाऱ्याने मोजलेल्या रकमेपैकी वाटेत किती झिरपले, हे तो सांगत नाही. या गोष्टी शोधायला जो निघाला तो या अभ्यासक्षेत्रात आला, आणि त्याचे इथे मनापासून स्वागत आहे. तो अर्थशास्त्राचा, कायद्याचा किंवा समाजकार्याचा विद्यार्थी असेल. तो स्वतः दारावर उभा राहणारा, आपल्या कमाईचा हिशेब वहीत मांडू पाहणारा मुलगाही असेल. दुसऱ्याजवळ पहिल्यापेक्षा जास्त सामग्री आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्या शहरात मुंबई-गोव्यासारखी नाइटक्लबांची रांग नाही, तेव्हा हा विषय इथला नव्हे, असे कोणी म्हणेल. मला उलटे वाटते. इथला रात्रीचा पहारा एका गल्लीत एकवटलेला नाही, तो शहरभर विखुरलेला आहे, आणि म्हणूनच त्यात या कामाचे खरे रूप दिसते. बीड बायपासवरची लॉन आणि मंगल कार्यालये, जालना रोडवरची हॉटेले, परमिट रूम, नवरात्रातला दांडिया आणि करणपुऱ्याची यात्रा, सोनेरी महालाच्या आवारातला वेरूळ-अजिंठा महोत्सव, गणेशोत्सव, शिवजयंती, 14 एप्रिल, निवडणुकीच्या सभा, 31 डिसेंबरची रात्र. एकच मुलगा वर्षभरात या सगळ्या ठिकाणी उभा राहतो. महिन्यातले उरलेले दिवस तो वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या एखाद्या कंपनीच्या गेटवर एजन्सीचा गार्ड म्हणून काढतो. कंपनीच्या गेटचा पगार हा त्याचा आधार, आणि कार्यक्रमाची ड्यूटी म्हणजे वरचे चार पैसे. क्लबच्या बाउन्सरवर लिहिलेले परदेशी अभ्यास वाचून इथे येणाऱ्याने हे मिश्रण आधी समजून घ्यावे.

या कामाचे वर्ष इंग्रजी महिन्यांवर चालत नाही, पंचांगावर चालते. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात, आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की लॉन रिकामी पडतात. गुरू-शुक्राचा अस्त असेल तर मधलेही आठवडे जातात. अधिक महिना कुठे पडतो यावर तर वर्षाची कमाई हलते. 2023 मध्ये अधिक श्रावण आला. तो चातुर्मासातच पडल्याने लग्नाच्या ड्यूटींना त्याची झळ बसली नाही. 2026 चा अधिक ज्येष्ठ मात्र 17 मे ते 15 जून असा, ऐन हंगामाच्या पोटात. एका रात्रीच्या दराला तीस रात्रींनी गुणून मासिक उत्पन्न काढणाऱ्या कोणत्याही लेखनावर विश्वास ठेवू नका. रात्री किती मिळाल्या हे आधी मोजावे लागते, आणि ते मोजायला दाते किंवा कालनिर्णय हाताशी लागते.

दारावर उभे राहतात ते कोण? पैठण, गंगापूर, फुलंब्री, खुलताबादकडून आलेली, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले यात बरीच आहेत. पहाटे मैदानावर धावायचे आणि रात्री काळा टीशर्ट घालून उभे राहायचे. काही जिममधून येतात, काही तालमीतून. या सगळ्यांच्या बाबतीत शरीर हेच कामाचे हत्यार आहे आणि ते हत्यार धारदार ठेवण्याचा खर्च मजुराने स्वतःच करायचा आहे. दूध, अंडी, चिकन, जिमची फी, ज्यांना परवडते त्यांची प्रोटीन पावडर. कुस्तीच्या जगात याला खुराक म्हणतात, आणि पूर्वी संस्थानिकांनी, पुढे साखर कारखान्यांनी पैलवानांच्या खुराकाचा भार उचलल्याचा इतिहास महाराष्ट्राला आहे. बाउन्सरच्या खुराकाला असा धनी नाही. माझ्या मते या क्षेत्रातले पहिले चांगले काम खुराकाच्या हिशेबाचे व्हायला हवे: दंडाचा घेर टिकवायला महिन्याला किती लागतात, आणि त्या घेरामुळे साध्या गार्डपेक्षा रात्रीमागे किती जास्त मिळतात. या दोन आकड्यांतला फरक बारीक असेल, तर बाउन्सरची जास्त मजुरी हा बऱ्याच अंशी भासच ठरेल.

राखणीची मजुरी हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या 'गावगाडा'त जागल्या आणि वेसकर यांची कामे आणि हक्क नोंदलेले आहेत. वेशीवर थांबणारा, रात्री गस्त घालणारा माणूस गावाला चोवीस तास हवा होता, पण त्याचा मोबदला तासांशी बांधलेला नव्हता. बलुत्याचे धान्य, दारोदारची भाकर, इनामाचा तुकडा. 19 मार्च 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे नेमके हेच दुखणे होते. महार वतनदाराने रात्री-बेरात्री केव्हाही हजर व्हायचे, तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे, आणि मोबदला मात्र ठरलेला नाही, पुरणारा तर नाहीच. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. अठरा वर्षांनी, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, 1946 मध्ये किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात त्यांनीच मांडले. 1948 चा किमान वेतन कायदा त्यातून आला. 1950 मध्ये त्यांनी याच शहरात महाविद्यालय सुरू केले, ते आजचे मिलिंद. त्याच्या नागसेनवन परिसरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने पहारेकऱ्याच्या मजुरीवर काम करायचे ठरवले, तर त्याच्या विषयाची वंशावळ त्याच्या वर्गाच्या भिंतींपर्यंत येते.

मराठवाड्याचा जुना इतिहास मात्र मुंबई इलाख्याहून वेगळा आहे. निजामी राज्यात देवड्यांवर, सावकारांच्या वाड्यांवर अरब आणि रोहिले पहारेकरी असत. हद्रमौतहून आलेल्या अरबांच्या वंशजांपैकी चाऊस घराणी आजही या भागात आहेत. त्यांचे पगार, त्यांची थकबाकी, धन्याशी असलेले त्यांचे कर्जाचे संबंध यांवर फारसी-उर्दू दफ्तरांतून काम करणारा अभ्यासक मिळाला, तर या क्षेत्राला मोठा लाभ होईल. मोडी येते, उर्दूही येते असा विद्यार्थी या शहरातच सापडण्याची शक्यता जास्त.

आता कायद्याकडे येऊ, कारण महाराष्ट्राने या बाबतीत देशात वेगळी वाट काढली. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी एक रचना उभी केली होती: मालकाने मजुरी ठेकेदाराच्या हातात न देता मंडळात भरायची, तिच्यावर लेव्ही भरायची, आणि मंडळाने ती मजुराला द्यायची. तीच रचना 1981 च्या महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियमाने पहारेकऱ्यांना लागू केली. सुरक्षा रक्षक मंडळात नोंद झालेल्या रक्षकाला पगार मंडळाकडून मिळतो, लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस अशा गोष्टींची सोय होते. मंडळाची नोंद आणि मंडळाचा गणवेश मिळावा म्हणून मुले वर्षानुवर्षे का धडपडतात, ते यातून कळेल. एजन्सीवाल्यांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले, पण तो टिकला. मात्र त्यातल्या कलम 23 ने सूट देण्याचा दरवाजा ठेवला: ज्या एजन्सीचे रक्षक एकूण लाभांत कमी पडत नाहीत त्यांना सरकार सूट देऊ शकते. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रांतिकारी सुरक्षा रक्षक संघटनेच्या खटल्यात हेही स्पष्ट केले की हा कायदा एजन्सीमार्फत नेमलेल्या रक्षकांसाठी आहे, आस्थापनेने थेट नेमलेल्यांसाठी नाही.

कार्यक्रमाच्या रात्रीचा बाउन्सर या चौकटीत कुठे बसतो? हा आपल्या क्षेत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा कायदेशीर प्रश्न आहे. कायदा कारखाना आणि आस्थापना यांची भाषा बोलतो. एका रात्रीसाठी भाड्याने घेतलेले लॉन ही कोणाची आस्थापना? लॉनच्या मालकाची, इव्हेंट मॅनेजरची, की वधूपित्याची? जबाबदार मालक कोण हे ठरल्याशिवाय मजुरी कोणाकडून वसूल करायची हेही ठरत नाही. संख्येची अटही याच्या आड येते. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे 20 माणसांच्या आस्थापनेपासून लागतो, ईएसआय 10 पासून. कंत्राटी कामगार कायद्याची 20 ची मर्यादा महाराष्ट्राने 50 वर नेली. आठ-नऊ मुलांची टोळी घेऊन फिरणारा पुरवठादार या सगळ्या जाळ्यांच्या खालून निघून जातो. त्याच्या टोळीतल्या मुलाला पगारपत्रक नाही, हजेरीपुस्तक नाही. पुरावा असतो तो मोबाइलवरच्या मेसेजचा: किती वाजता, कुठला पॉइंट, कोणते कपडे. अभ्यासकाने हे मेसेज दफ्तर म्हणून जपायला शिकावे, अर्थात मुलांच्या परवानगीने आणि नावे झाकून.

मधल्या माणसाचा वाटा किती, याबद्दल एक जुना निकाल प्रत्येकाने मुळातून वाचावा. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांसाठी बांधकाम चालू होते. तिथे किमान वेतन दिवसाला 9 रुपये 25 पैसे होते आणि जमादार प्रत्येक मजुरामागे रोज एक रुपया कापून घेत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सच्या पत्रावरून हा खटला उभा राहिला. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हे संविधानाच्या कलम 23 मधल्या सक्तीच्या मजुरीत मोडते. तोही एक कार्यक्रमच होता, देशाने मिरवलेला. जमादाराच्या त्या एका रुपयाची आजची किंमत काय, हे आपल्याला शोधायचे आहे. समजा, यजमानाने इव्हेंट मॅनेजरला बाउन्सरमागे 1500 रुपये दिले. मॅनेजरने एजन्सीला 1200 दिले, एजन्सीने गावातल्या पुरवठादाराला 900, आणि मुलाच्या हातात 700 पडले. हे आकडे मी पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. पण साखळीतल्या प्रत्येक कडीने आपल्या वाट्याच्या बदल्यात काय केले, हे विचारायची सवय यातून लागते. एजन्सीने कर भरला का, विमा काढला का, मुलगा पडला-झडला तर दवाखान्यात कोण नेणार होते? ज्या कडीकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, ती जमादाराची कडी.

तासांचा हिशेब तर इतका सोपा आहे की तो कुणी मांडत नाही याचे दुःख होते. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात दिवसाचे काम नऊ तासांचे धरले आणि त्यापुढच्या तासाला दुप्पट दर दिला. 2025 मध्ये राज्य सरकारने दैनंदिन मर्यादा दहा तासांकडे नेण्याचा निर्णय घेतला. दुपटीचे तत्त्व मात्र कायम आहे, आणि ते 2019 च्या वेतन संहितेतही आहे. जुन्या नऊ तासांवरच करून पाहू. नऊ तासांचे 600 रुपये धरले, तर बारा तासांचे 800 होत नाहीत. वरचे तीन तास सहा तासांइतके मोजायचे, म्हणजे एकूण पंधरा तासांची मजुरी, 1000 रुपये. या 600 आणि 1000 च्या मधल्या जागेत या धंद्याचा पुष्कळसा नफा राहतो.

आणि तास वाढतात कसे तेही पाहावे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतो. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. पाहुण्यांची रात्र तिथे संपते. पहारेकऱ्याची संपत नाही. दागिन्यांची पेटी गाडीत जाईपर्यंत, मंडपवाल्याचा ट्रक भरेपर्यंत, शेवटचा झिंगलेला पाहुणा रिक्षात बसेपर्यंत तो पॉइंटवर असतो. 31 डिसेंबरला परमिट रूमला पहाटे पाचपर्यंत परवानगी मिळते, तेव्हा त्याची सुटका उजाडल्यावर. येण्याची वेळ सांगितलेली असते, सुटण्याची नाही. मग वरच्या उदाहरणातले 700 रुपये दहा तासांना वाटले तर तासाला 70 पडतात, बारा तासांना वाटले तर 58. त्यातून गावाकडे जायचे पेट्रोल, रात्रीचा चहा, टीशर्टाची धुलाई. शिवाय पेमेंट त्याच रात्री मिळेल असे नाही. यजमानाने मॅनेजरला दिले नाहीत म्हणून मॅनेजरने एजन्सीला दिले नाहीत, आणि मुलगा पुढच्या पंधरवड्यात सुपरवायझरला 'दादा, पेमेंट कधी सोडता?' असे विचारत राहतो. उशिरा मिळालेली मजुरी ही कमी मिळालेली मजुरी असते, विशेषतः ज्याने मधल्या काळात किराणा उधारीवर आणला आहे त्याच्यासाठी.

तुलनेसाठी दोन मापे हाताशी ठेवा. पहिले माप होमगार्डचे. 1946 साली मुंबईत सुरू झालेल्या या दलाचा जवान बंदोबस्ताला पोलिसांच्या शेजारी उभा राहतो. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने होमगार्डचा कर्तव्यभत्ता पोलीस शिपायाच्या किमान वेतनाशी जोडायला सांगितले, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्राने तो दिवसाला 570 वरून 1083 रुपये केला. एकाच यात्रेत, एकाच बांबूच्या कठड्याच्या दोन टोकांना होमगार्ड आणि खाजगी गार्ड उभे असतात. त्या दोघांच्या रात्रीची तुलना हा एम.ए.च्या प्रबंधाला पुरेल असा विषय आहे. दुसरे माप केंद्राचे. 19 जानेवारी 2017 च्या अधिसूचनेत केंद्राने निःशस्त्र पहारेकऱ्याचा मूळ दर शहराच्या वर्गानुसार दिवसाला 637, 579 आणि 494 रुपये ठरवला. बांधकामावरच्या कुशल कामगाराचे दरही तेच होते, अकुशलाचे 523, 437 आणि 350. हे दर केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांना लागतात, लग्नाच्या लॉनला नाही. पण राखण हे अकुशल काम नाही, हे देशाच्या सरकारने कागदावर मान्य केले आहे, आणि तो कागद आपल्या उपयोगाचा आहे.

कौशल्य म्हणजे काय, हे 2005 च्या खाजगी सुरक्षा अभिकरणे (नियमन) अधिनियमाखालच्या नियमांत वाचायला मिळते. परवानाधारक एजन्सीच्या गार्डला 160 तासांचे प्रशिक्षण हवे, 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष. त्यात आग विझवणे आहे, गर्दी हाताळणे आहे. एका रात्रीसाठी जिममधून उचललेल्या मुलाला यातले काय मिळालेले असते? त्याला हेही कोणी सांगितलेले नसते की कायद्याने त्याचे अधिकार सामान्य नागरिकाइतकेच आहेत. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर धरून सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचे, यापलीकडे त्याला कोणाला अडकवता येत नाही. ढकलाढकलीत कोणाचा दात पडला तर गुन्हा त्या मुलावर दाखल होतो. पोलीस भरतीची स्वप्ने पाहणाऱ्यासाठी चारित्र्य पडताळणीत आडवा येणारा एक गुन्हा म्हणजे आयुष्यभराचे नुकसान. ही जोखीम 700 रुपयांत कुठे धरली आहे?

आगीची जोखीमही तशीच. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारातल्या आगीत 14 माणसे गेली. धुरातून कित्येकांना बाहेर काढणाऱ्यांत एक सुरक्षा रक्षक होता, हे त्या वेळी छापून आले. 6 डिसेंबर 2025 च्या रात्री गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, 25 जण मेले, आणि त्यांत बहुतेक तिथे काम करणारेच होते. मजुरीच्या अभ्यासात अपघातांची पाने का, असे विचारणाऱ्याला ही संख्या दाखवावी. संकटकाळी बाहेरचा रस्ता कुठे आहे हे दारावरच्या माणसाला माहीत असणे, याला किंमत आहे, आणि ती मजुरीत मोजली गेली पाहिजे.

बाहेरच्या जगातले थोडे वाचन सोबत असावे. डिक हॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये इंग्लंडच्या बाउन्सरांवर ग्रंथ लिहिला. रात्रीच्या बाजारपेठेत पोलिसांची जागा हळूहळू दारावरच्या माणसाने कशी घेतली, हे त्यात दिसते. तिथे 2001 च्या कायद्याने दारावरच्या प्रत्येक माणसाला स्वतःचा परवाना लागतो. आपल्याकडे परवाना एजन्सीला असतो, माणसाला नाही, आणि त्यामुळे एजन्सी सोडली की माणसाची ओळखही जाते. नंदिनी गुप्तू यांचा 2013 चा भारतीय सुरक्षा रक्षकांवरचा निबंध मला अधिक जवळचा वाटतो. गार्डकडून पहाऱ्याबरोबर लीनताही मागितली जाते, सलाम ठोकणे, दार उघडणे, पिशव्या उचलणे, हे त्यांनी दाखवले. बाउन्सरकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात, पण लग्नात वऱ्हाडाच्या मामांनी अंगावर हात टाकला तरी हसून घ्यायचे असते, तेव्हा तोही त्याच लीनतेत येतो. दिल्लीतल्या असोला-फतेपूर बेरी गावांतून घरटी बाउन्सर निघतात. गाव, आखाडा आणि रोजगार यांची अशी साखळी आपल्या तालुक्यांत आहे का, हे पाहण्यासारखे आहे.

महिला रक्षकांबद्दल स्वतंत्र प्रकरण लागेल. दांडियाला, मुलींच्या झडतीला, लग्नात वधूपक्षाच्या खोलीबाहेर त्यांची मागणी वाढते आहे. 2017 च्या अधिनियमाने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवण्यासाठी त्यांची संमती आणि सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची व्यवस्था या अटी घातल्या. त्यांच्या मुलाखती घेताना दराच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात: तिथे स्वच्छतागृह होते का, आणि रात्री दोनला घरी कशाने गेलात. रिक्षाचे दोनशे-अडीचशे रुपये स्वतःच्या खिशातून गेले असतील तर त्या रात्रीची मजुरी तिथेच एक तृतीयांशाने उतरली.

मुलाखती कार्यक्रमाच्या दारावर घेऊ नका. तिथे सुपरवायझरचे कान असतात आणि मुलाचे लक्ष दोन्हीकडे राहू शकत नाही. सकाळी मैदानावर धावून झाल्यावर, तालमीच्या ओट्यावर बसून तो मोकळा बोलतो. पहिल्या भेटीत तो मोठा आकडा सांगेल, कारण चारचौघांत कमी सांगणे त्याला अपमानाचे वाटते. तो आकडा लिहून घ्या, खोडू नका. मग त्याच्याबरोबर एका महिन्याची वही करा: तारीख, ठिकाण, पोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, ठरलेले पैसे, मिळालेले पैसे, मिळाल्याची तारीख, पेट्रोल, खाणे. महिन्याअखेरीस बेरीज त्यालाच करू द्या. त्या वहीची एक प्रत तुमच्याकडे राहील, मूळ वही त्याचीच.